गुलाबी ठिपका

किनवटच्या बस स्टँडामागं मुनीरचाचांचं घड्याळांचं दुकान.
तिथं मी बंदूक नेली, गोणपाटात गुंडाळून,
सोबत रेंजर साहेबांचं पत्र, शिक्क्यासकट:
ही बेशुद्धीच्या डार्टची आहे, जीव घ्यायची नव्हे.
चाचांनी पत्र न वाचताच वजनाखाली ठेवलं.
"कुमरे म्याडम, चुकला कितीनं?"
वीतभर, म्हटलं. डावीकडं.
दगडावर बसला डार्ट, सुई वाकली,
आणि बिबट्या उठून कपाशीत गेला,
नावडत्या बैठकीतून माणूस उठून जातो तसा.

चाचांनी दुर्बीण दोन बोटांत धरून नुसती हलवून पाहिली.
हलली.
"बगा. ही जीपमध्ये नाचत आली.
माहूरचा घाट, बोधडीचे खड्डे.
दुर्बीण नाचायली अन् तुम्ही श्वास धरून बसलाव,
काय उपेग?"

मग सगळं उकललं.
दोन रिंगांचे चार अर्धचंद्र टेबलावर,
आतून तेलकट. कुणीतरी मायेनं तेल दिलेलं.
कोण ते मी बोलले नाही.
"तेल दुसरीकडं द्या. इथं पकड पाहिजे."
स्पिरिटचा बोळा फिरला, दुकानात दवाखाना दरवळला.

गाल टेकवा. डोळे मिटा. आता उघडा.
पूर्ण गोल दिसायलंय का कडेला काळी कोर?
कोर.
त्यांनी दुर्बीण ज्वारीच्या दाण्याएवढी सरकवली.
पुन्हा मिटा.
असं सहा वेळा. दारात गिऱ्हाईक ताटकळत,
काखेत भिंतीवरचं घड्याळ, पावणेचारला थांबलेलं.

शेजारच्या बांधकामावरून लिंबाजी गवंड्याचा ओळंबा आणवला,
समोरच्या कडुनिंबाला टांगला.
वारा होता. आम्ही वारा पडायची वाट पाहिली.
मग दुर्बिणीतली उभी रेघ दोरीजवळ आली,
दोरीवर आली,
दोरी दिसेनाशी झाली.

स्क्रू आवळायचे ते एकदम नाही.
बाजेचं सुंब ओढतात तसं,
हा कोपरा, मग तिरका तो, थोडं इकडं, थोडं तिकडं,
दोन्ही फटींत वहीचं एकच पान जावं.
"मनगट लावू नका, बोटंच लावा.
लई जोर केला तर नळी चिमटती.
वरून घट्ट, आत वाकडं.
आमच्या थोरल्यावानी."

शेवटी सुनेला हाक मारली: नेलपॉलिश आण गं.
प्रत्येक स्क्रूवर एक ठिपका,
अर्धा स्क्रूवर, अर्धा रिंगेवर.
"ठिपका तुटला की समजा, फिरला."
सरकारी काळ्या बंदुकीवर आठ गुलाबी चमचमते ठिपके.
हे काय, साहेब म्हणाले.
साक्षीदार, मी म्हटलं.

नवव्या दिवशी अर्धवट रस्त्याच्या मोरीत तो सापडला.
तीस पावलं. पोकलेन बंद करवला,
पोरांना टिपरवर चढवून बसवलं.
गाल टेकवला. पूर्ण गोल.
मांडीच्या मांसावर रेघ,
आणि रेघेखाली त्याचा श्वास, वरखाली.
डार्ट बसला, नेम धरला तिथून बोटभर मागं.

तो पेंगेस्तोवर बारा मिनिटं गेली.
बंदूक मांडीवर घेऊन मी ठिपके मोजले,
एकदा या टोकाकडून, एकदा त्या.
आठच्या आठ शाबूत.
म्हणजे ते बोटभर माझं.

सांगायला दुकानात गेले.
"कितीनं?"
बोटभर.
चाचांनी भिंग डोळ्याला लावलं अन् पुन्हा कामात शिरले.
बाहेर लिंबाजी झाडाखाली उभा, तणतणत,
ओळंबा अजून फांदीलाच होता.
नऊ दिवस त्यानं भिंत नुसत्या नजरेनं रचली होती.
आम्ही दोघं रस्त्यात उभे राहून
तिच्याकडं बराच वेळ पाहत राहिलो.